समजा क्ष बरोबर पाच

चाळिशी उलटलेल्या माणसाने संध्याकाळी सातनंतर काय करावे, याबद्दल आपल्या समाजाची मते फार ठाम आहेत. त्याने भाजी आणावी, बातम्या बघाव्यात, फार तर एक फेरी मारावी आणि ती मारताना रक्तातल्या साखरेविषयी बोलावे. कॉलेजात जाऊन बाकावर बसू नये. त्यामुळे गेल्या पावसाळ्यात मी घराजवळच्या एका कॉलेजात 'संगणक आज्ञावलीची ओळख' या संध्याकाळच्या वर्गात नाव घातले, तेव्हा घरी आणि बँकेत सारखीच शांतता पसरली. बँकेतली आधी भंगली. 'काय हो, नोकरी सोडताय की काय?' कॅश काउंटरवरून विचारणा झाली. मी नाही म्हटले. 'मग प्रमोशनला बसताय?' तेही नाही म्हटल्यावर विचारणाऱ्याचे कुतूहलच संपले. या दोन कारणांखेरीज माणूस काही शिकतो, हे आमच्या शाखेला मान्य नाही.

खरे कारण एका वाक्यात आहे, आणि ते वाक्य मी गेली वीस-बावीस वर्षे काउंटरमागून दिवसाला दहा वेळा तरी उच्चारतो. 'सिस्टीम घेत नाही.' पासबुकात नावापुढे 'बाई' आहे आणि आधार कार्डावर नाही. सिस्टीम घेत नाही. सही तीच, माणूस तोच, समोर उभा आहे, खोकतो आहे. सिस्टीम घेत नाही. यावर गिऱ्हाईक बहुधा नशिबाला बोल लावून निघून जाते. पण मागे एक पेन्शनर आजी आल्या होत्या, त्या काही हलेनात. म्हणाल्या, 'अरे बाळा, ही सिस्टीम बसते कुठे? मला पत्ता दे, मी जाऊन भेटते तिला.' अशा वेळी 'साहेबांना विचारा' म्हणायची आमच्याकडे रीत आहे. साहेब म्हणाले, 'आजी, सिस्टीम घेत नाही हो.'

तर तो पत्ता शोधायला म्हणून मी वर्गात गेलो. वर्गात आम्ही अठरा जण. शिकवणाऱ्या मॅडम माझ्या भाचीच्या वयाच्या, आणि माझ्या शेजारी एक निवृत्त पोस्टमास्तर. भाषा पायथन नावाची. पोस्टमास्तरांनी पहिल्याच दिवशी विचारले, 'नागपंचमीला पुजायची का?' मॅडमनी खुलासा केला की या नावाचा सापाशी संबंध नाही. भाषा करणाऱ्या डच गृहस्थांना, म्हणजे गिडो व्हॅन रॉसम यांना, 'माँटी पायथन' नावाचा एक विनोदी ब्रिटिश कार्यक्रम आवडत असे. म्हणजे जगातले निम्मे गंभीर व्यवहार आज ज्या भाषेत चालतात तिचे नाव एका फार्सावरून पडले आहे. यानंतर माझी भीती बरीच कमी झाली.

पण बँकेतल्या माणसाची एक खोड असते. व्हाउचर समोर आले की रक्कम बघण्याआधी तो ते पास कुणी केले हे बघतो. माझ्यासारख्या बी. कॉम. माणसाला, ज्याने बीजगणिताशी दहावीनंतर रीतसर काडीमोड घेतला, त्याला संगणकाला हुकूम सोडायला शिकवावे, ही कल्पना मुळात कुणी पास केली? तिच्यावर सही कुणाची आहे? मी शोधत गेलो तेव्हा सह्या दोन निघाल्या, आणि त्या न्यू हॅम्पशायरमधल्या हॅनोव्हर गावच्या डार्टमथ कॉलेजातल्या गणिताच्या दोन प्रोफेसरांच्या होत्या. जॉन केमेनी आणि थॉमस कुर्ट्झ.

यातले केमेनी मूळचे बुडापेस्टचे. जन्म १९२६. हिटलरचे सावट दिसताच वडिलांनी कुटुंब अमेरिकेला हलवले, १९४० साली. पोरगा तेव्हा तेरा वर्षांचा. १९४५ मध्ये तो लॉस अलामॉसला अणुबाँबच्या कामावर आकडेमोड करत होता, आणि पुढे प्रिन्स्टनला शिकत असताना साक्षात आइनस्टाइनचा गणितातला मदतनीस झाला. आइनस्टाइनला गणितात मदत लागत असे हे वाचून मला फार बरे वाटले. कुर्ट्झ दोन वर्षांनी लहान, स्वभावाने शांत, संख्याशास्त्रातले. १९५६ मध्ये ते डार्टमथला आले आणि लगेच त्यांच्या नशिबी रेल्वे आली.

ती अशी. डार्टमथकडे संगणक नव्हता. तो होता सुमारे सव्वादोनशे किलोमीटरवर, बोस्टनजवळच्या एमआयटीत. तेव्हा हिशेब करायचा तर तो कार्डांवर भोके पाडून लिहायचा, कार्डे एका पोलादी पेटीत भरायची आणि पंधरवड्याने एकदा पहाटेची गाडी पकडून बोस्टनला जायचे. हे कुर्ट्झ करत. तिथे कार्डे खिडकीतून आत द्यायची, आणि उत्तर किंवा नकार घेऊन संध्याकाळच्या गाडीने परत. एखादा स्वल्पविराम राहून गेला असेल तर तो घालायला पुढची वारी. ज्याने कधी जिल्ह्याच्या ठिकाणी सातबारा आणण्यासाठी एसटीने खेपा घातल्या आहेत त्याला कुर्ट्झ यांच्याविषयी वेगळे सांगायला नको. आणि ही काही एकट्या डार्टमथची गोष्ट नव्हती. त्या काळी सगळीकडेच यंत्र आत, माणूस बाहेर आणि मध्ये खिडकी अशी रचना होती. खिडकीतल्या माणसाला फार महत्त्व असे. (हे मी व्यवसायाने सांगतो.)

१९५९ मध्ये डार्टमथला एक छोटा संगणक मिळाला, लिहायच्या टेबलाएवढा. त्यावर पदवीचीच पोरे बसवली, तर त्यांनी बघता बघता कामे करून दाखवली. तेव्हा या दोघांच्या डोक्यात विचार आला की मग सगळ्याच पोरांना का बसवू नये? केमेनींचा हिशेब सरळ होता. आपल्या कॉलेजात शास्त्र आणि इंजिनियरिंग घेणारे पाव. उरलेले पाऊण इतिहास, साहित्य, अर्थशास्त्र असले काहीतरी घेतात. पण उद्या कंपन्या चालवणार, कायदे करणार, संगणक घ्यायचा की नाही यावर सही करणार ते या पाऊण भागातले. त्यांनी यंत्राला हातच लावला नाही, तर ते यंत्राबद्दल शहाणपणाने ठरवणार कसे? आमच्या शाखेचा कारभार पाहिला तर हा हिशेब पैशापर्यंत जुळतो.

आता कविता शिकणाऱ्या मुलाला बोस्टनच्या गाडीत बसवता येत नाही. तो पहिल्या खेपेलाच पळून जाईल. म्हणून दोन गोष्टी लागल्या. पहिली, यंत्र सगळ्यांना एकाच वेळी मिळाले पाहिजे. याची युक्ती जॉन मॅकार्थी यांनी कुर्ट्झ यांना सुचवली होती, आणि ती आपल्याकडे पंगतीतल्या वाढप्याला जन्मापासून येते. वाढपी एका पानावर ठाण मांडून बसत नाही. इथे भात, तिथे वरण, पलीकडे लोणचे, असा फिरत राहतो. पण प्रत्येकाला वाटते की हा आपल्याचसाठी उभा आहे. संगणक माणसापेक्षा इतका भरभर चालतो की एकाचे बोट पुढच्या अक्षरावर पडेपर्यंत तो दहा पाने वाढून परत येतो. यासाठी जनरल इलेक्ट्रिक कंपनीची यंत्रे आणली आणि त्यांना हे वाढपे शिकवण्याचे काम प्रामुख्याने कोणी केले? पदवीच्या वर्गातल्या पोरांनी.

दुसरी गोष्ट भाषा. फोरट्रान नावाची भाषा १९५७ पासून होती, पण ती शास्त्रज्ञांनी शास्त्रज्ञांसाठी केलेली, तिच्यात नियमांची सोवळी-ओवळी फार. केमेनींनी आधी सोप्या भाषेचे एक-दोन प्रयोग केले होते, ते जमले नव्हते. मग दोघांनी मिळून बेसिक ही भाषा रचली. पंधराएक शब्द, सगळे रोजच्या इंग्रजीतले. यंत्राशी बोलायला लागताना टेलिटाइपवर 'हॅलो' टंकायचे आणि उठताना 'गुडबाय' म्हणायचे. आणि क्ष या अक्षराला पाच ही किंमत द्यायची असेल तर नुसते क्ष बरोबर पाच म्हणायची सोय नव्हती. आधी 'लेट' लावावे लागे. लेट एक्स बरोबर पाच.

इथे मी थांबलो, कारण हे वाक्य मला ओळखीचे वाटले. मराठी शाळेत बीजगणिताच्या प्रत्येक उदाहरणाची पहिली ओळ हीच असायची. समजा क्ष बरोबर पाच. समजा रामाचे आजचे वय क्ष. गणित ज्याला धड कळले नाही त्यालाही 'समजा' कळत असे. निदान तेवढ्याचा अर्धा गुण मिळे. आणि या भाषेची सगळी बैठक त्या 'समजा'वर होती. यंत्राला हुकूम सोडायचा, पण तोंडात विनंती ठेवून. चाळीत वाढलेल्या माणसाला ही पद्धत नवी नाही.

१ मे १९६४ रोजी पहाटे चारच्या सुमारास केमेनी आणि एक विद्यार्थी दोन वेगवेगळ्या टेलिटाइपवर बसले, दोघांनी आपापली आज्ञावली घातली, 'रन' असे टंकले आणि दोघांनाही बरोबर उत्तरे आली. महाराष्ट्र राज्याला त्या दिवशी चार वर्षे पूर्ण झाली. या दोन घटनांचा काही संबंध नाही, पण आमच्याकडे असे योगायोग सांगितल्याशिवाय इतिहास पुरा होत नाही.

पुढे जे झाले ते मला भाषेपेक्षाही मोठे वाटते. पहिल्या वर्षाच्या गणितात याची दोन-तीन व्याख्याने घातली आणि मग पोरांना मोकळे सोडले. काही आज्ञावल्या स्वतः लिहायच्या, चालवायच्या, बस. संगणकाचे केंद्र ग्रंथालयासारखे ठेवले. आत जायला अर्ज नाही, कारण द्यायला नको, खिडकी तर नाहीच. पोरे साहजिकच खेळ खेळू लागली. त्यावर चौकशी समिती नेमावी, तर १९६५ मध्ये डार्टमथने प्रिन्स्टनला फुटबॉलमध्ये हरवले तेव्हा फुटबॉलचा खेळ बेसिकमध्ये लिहून काढणारे खुद्द केमेनीच होते. यंत्राची भीती घालवायची तर आधी त्याच्याशी पोरखेळ करू द्यावा लागतो, हे आपल्याकडे सायकल शिकवणाऱ्या प्रत्येक बापाला माहीत आहे. फक्त एक सांगून ठेवतो. डार्टमथच्या पदवीवर्गात १९७२ पर्यंत मुलींना प्रवेश नव्हता. 'सर्वांसाठी' या शब्दात किती जण बसतात हे नेहमी मोजून घ्यावे.

आपल्याकडेही त्याच सुमारास हालचाल चालू होती, नव्हती असे नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत इथल्याच माणसांनी बांधलेला टिफ्रॅक १९६० मध्ये चालू झाला होता. कानपूरच्या आयआयटीत १९६३ साली आयबीएम १६२० आला आणि तिथे फोरट्रान शिकवणे सुरू झाले. हा १६२० माझा विशेष आवडता आहे. त्याला बेरीज येत नसे. खरेच. बेरजेचे आणि गुणाकाराचे तक्ते त्याच्या स्मरणात भरून ठेवलेले असत आणि सात अधिक पाच आले की तो तक्त्यात बघून बारा सांगे. ज्याचे पाढे पाठ आहेत आणि डोके बंद आहे असा हुशार विद्यार्थीच म्हणा ना. अमेरिकेत त्याला 'बेरीज येत नाही आणि प्रयत्नही करत नाही' अशा अर्थाचे टोपणनाव पडले होते. आमच्या शाखेत असे एक-दोघे आहेत, पण त्यांना आपण आयबीएमचे आहोत हे ठाऊक नाही.

मात्र ही सगळी शास्त्रज्ञांची आणि इंजिनियरांची मांडवली. केमेनींच्या हिशेबातला पाऊण भाग आपल्याकडे मांडवाबाहेर राहिला. बँकेच्या कारकुनाकडे संगणक आला तो शिक्षण म्हणून नव्हे, तर संकट म्हणून. १९८३ साली बँकांची संघटना आणि कर्मचारी संघटना यांच्यात यंत्रांबद्दल करार झाला, १९८७ मध्ये आणखी एक. कोणते यंत्र, किती, कुठे बसवायचे आणि ते चालवणाऱ्याला भत्ता किती, याचा त्यात बारकाईने विचार आहे. त्या काळच्या विरोधाला आज हसण्याची फॅशन आहे. मला हसू येत नाही. माझ्या आधीच्या पिढीतल्या ज्या माणसांच्या हाताखाली मी काम शिकलो, त्यांनी लेजरची पाने तोंडपाठ केली होती. यंत्र त्यांची खुर्ची घेईल की नाही हे त्यांना कुणी धड सांगितले नव्हते, आणि यंत्र आत काय करते हे तर मुळीच नाही. खिडकीबाहेरचा माणूस घाबरतो, यात त्याचा काय दोष?

आणि आत काय चालते हे कळण्याने प्रत्यक्ष फरक पडतो, हे मी पुढच्या एका गृहपाठातून सांगतो. मॅडमनी बचत खात्याचे व्याज काढणारी आज्ञावली लिहायला सांगितली. वर्गातल्या पोरांना ते काम, मला माहेर. आता ऐका. ३१ मार्च २०१० पर्यंत आपल्याकडे नियम असा होता की महिन्याच्या दहा तारखेपासून अखेरपर्यंत खात्यात जी कमीत कमी शिल्लक असेल तिच्यावरच त्या महिन्याचे व्याज. समजा तीस दिवसांचा महिना, खात्यात वीस हजार रुपये, आणि तुम्ही तीस तारखेला त्यातले एकोणीस हजार काढलेत. एकोणतीस दिवस वीस हजार बँकेने वापरले, पण व्याज फक्त एक हजारावर. दर साडेतीन टक्के, म्हणजे दोन रुपये ब्याण्णव पैसे. १ एप्रिल २०१० पासून रोजच्या शिल्लकीवर व्याज आले. तोच हिशेब रोजच्या शिल्लकीने केला की होतात पंचावन्न रुपये एकाहत्तर पैसे. मी दोन्ही नियमांच्या आज्ञावल्या लिहिल्या, अकरा आणि नऊ ओळींच्या, आणि नंतर कागदावर ताळा करून पाहिला. जुळला.

गंमत बघा. जुना नियम बदलता आला तो शाखांतून संगणक आले म्हणून. हजारो खात्यांची रोजची शिल्लक हाताने गुणत बसणे कारकुनाला शक्य नव्हते. म्हणजे त्या दहा तारखेत शास्त्र नव्हते, धर्म नव्हता. माणसाच्या मनगटाला किती लिहिता येते त्याची ती मर्यादा होती. मी नोकरीला लागलो तेव्हा गिऱ्हाइकाला हा नियम इतक्या गंभीरपणे सांगायचो की ते दहा तारखेला एकादशीचा मान देत. सिस्टीम जे काही घेते किंवा घेत नाही, ते कुणीतरी नऊ-अकरा ओळींत लिहिलेले असते आणि ते लिहिणारा माणूस जेवून-खाऊन असतो. 'बाई' असलेले आणि नसलेले नाव एकच धरावे अशी ओळ घालता येते. मला आता येते. पण आमच्या बँकेत ती घालायचा अधिकार मला नाही, साहेबांना नाही, आणि कुणाला आहे त्याचा पत्ता अजून लागलेला नाही.

बेसिकवर टीका झाली, आणि साधीसुधी नाही. डिक्स्ट्रा नावाचे थोर डच संगणकशास्त्रज्ञ. त्यांनी १९७५ मध्ये लिहून ठेवले की ज्या मुलांना आधी बेसिकची बाधा झाली त्यांना नीट आज्ञावली शिकवणे जवळजवळ अशक्य, त्यांच्या डोक्याला कायमची इजा झालेली असते. भाषेत 'गो टू' म्हणून एक हुकूम होता. त्याने आज्ञावली कुठूनही कुठेही उडी मारी आणि शेवटी सरकारी फायलीसारखी कुठे आहे ते कळेनासे होई. या बाबतीत डिक्स्ट्रा यांचे बरोबरच होते. पण त्यांना कारागीर घडवायचे होते आणि केमेनींना गिऱ्हाईक शहाणे करायचे होते. आचाऱ्याने ज्या कसोटीने भात पाहावा त्याच कसोटीने जेवणाऱ्याला पाहू नये. आणि बाधा म्हणावी, तर सिएटलच्या एका शाळेत १९६८ मध्ये बिल गेट्स नावाच्या मुलालाही ती झाली होती. त्याने पुढे १९७५ साली मित्राबरोबर पहिला माल विकला तो बेसिकच. आपल्याकडे १९८४ मध्ये सरकारने सुमारे अडीचशे शाळांत बीबीसी मायक्रो संगणक बसवले, त्यातही बेसिकच होते. आणि माझा हा पायथन एबीसी नावाच्या ज्या भाषेच्या अनुभवातून निघाला, ती नवशिक्यांसाठी बेसिकच्या जागी म्हणून रचलेली होती. म्हणजे वंशावळ पाहिली तर आम्ही अठराही जण बेसिकच्या नातवंडांत बसतो.

केमेनी १९७० मध्ये डार्टमथचे अध्यक्ष झाले. १९७९ साली पेनसिल्व्हेनियात थ्री माइल आयलंडच्या अणुवीज केंद्रात अपघात झाला, तेव्हा अध्यक्ष कार्टर यांनी चौकशीला याच गणिताच्या प्रोफेसरांना बसवले. त्यांच्या आयोगाचा अहवाल त्याच वर्षी आला. सार असे की यंत्रसामग्री पुरेशी चांगली होती. ती चालवणाऱ्यांना यंत्र काय सांगते आहे हे कळण्याइतके कुणी शिकवलेले नव्हते. हे वाचताना मला केमेनींच्या पाव आणि पाऊण भागांची आठवण झाली, आणि समोरच्या काउंटरवर कुणीतरी कुणाला तरी तेच वाक्य ऐकवत होते.

केमेनी १९९२ मध्ये गेले. कुर्ट्झ शांतपणे शहाण्णव वर्षे जगले आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये वारले. मधल्या काळात बेसिक गावभर झाली आणि गावाने तिचे हात-पाय ओढून हजार रूपे केली. बहुतेकांनी वेळ वाचवायला म्हणून 'लेट' ऐच्छिक करून टाकले. क्ष बरोबर पाच म्हणा आणि चालू लागा. दोघा प्रोफेसरांना ही रस्त्यावरची बेसिक मुळीच आवडली नाही. त्यांनी १९८० च्या दशकात स्वतःची कंपनी काढून 'ट्रू बेसिक' म्हणजे खरी बेसिक बाजारात आणली. तिच्यात गो टूवाचून भागेल अशी नवी वाट होती, पण 'लेट' मात्र जिथल्या तिथे. ज्याला ते नकोच असेल त्याने तशी ओळ आज्ञावलीत स्वतंत्रपणे लिहून द्यायची, 'ऑप्शन नोलेट', म्हणजे विहित नमुन्यातला अर्जच. मी हे पोस्टमास्तरांना सांगितले. ते म्हणाले, 'बरोबर आहे. अर्जाशिवाय कशाला सोडायचं?'